दोन ग्रॅमच्या आतलं सोनं

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात दिवाळीचा बोनस खात्यावर जमा झाला, की तो कुठे कुठे जाणार हे आधीच ठरलेलं असतं. गावाकडची देणी, गाडीचा हप्ता, पोरांचे कपडे, आणि एवढं करून काही उरलं तर सोनं. धनत्रयोदशीपासून पाडव्यापर्यंत पिंपरी कॅम्पातली बाजारपेठ, चिंचवडगाव, निगडी, भोसरी आणि पुढे थेट चाकणपर्यंतच्या सराफी पेढ्यांत पाय ठेवायला जागा नसते. काउंटरपुढे उभी असलेली माणसं कानांनी ओळखता येतात. एकाची बोली लातूर-नांदेडकडची, दुसऱ्याची जळगावची, तिसऱ्याची यवतमाळची. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्ये पिंपरीत उभा राहिला, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, आणि तेव्हापासून हा पट्टा बाहेरून आलेल्यांच्या हातांनी वाढत गेला. चाकण तर अगदी अलीकडचं.

गावाकडे सराफ ठरलेला असायचा. आजीची बोरमाळ ज्याच्या आजोबांनी घडवली, त्याच्याच नातवाकडून सुनेची ठुशी यायची. सोन्यात खोट निघाली तर त्याला बाजाराच्या दिवशी चारचौघांत तोंड दाखवणं जड जायचं. त्याची अब्रू हीच गिऱ्हाइकाची हमी. ती हमी दर वेळी खरी ठरली असं मुळीच नाही, पण निदान कोणाच्या दारात जाऊन भांडायचं हे माहीत असायचं. चाकणमध्ये भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, कंत्राटावर काम करणाऱ्या पोराला असा सराफ नाही. तो पेढी निवडतो ती रस्त्यावरचा फलक पाहून किंवा शिफ्टमधल्या मित्राने सांगितलं म्हणून. त्याच्या हातात जी हमी येते ती दागिन्याच्या आतल्या बाजूला कोरलेल्या, नुसत्या डोळ्यांना धड न दिसणाऱ्या ठशाची.

या पट्ट्यातल्या सोन्याची जगात चर्चा झाली ती वेगळ्याच कारणाने. भोसरीच्या दत्ता फुगे यांनी तीन किलोंहून जास्त सोन्याचा शर्ट करून घेतला आणि २०१३ च्या सुमाराला त्यांचे फोटो देशोदेशीच्या वर्तमानपत्रांत झळकले. जमिनींना सोन्याचा भाव आला, त्या भावाचं पुन्हा सोनं झालं आणि ते गळ्यात, मनगटावर, दाही बोटांत दिसू लागलं. त्यावर लिहून झालं आहे, टीकाही पुष्कळ झाली आहे. मला त्या शर्टापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं ते दीड-दोन ग्रॅमचं सोनं. किलोत सोनं घेणाऱ्याच्या पदरी सराफ, पारखी, हिशेबनीस सगळे असतात. दीड ग्रॅम घेणाऱ्याकडे त्याची नजर तेवढी असते.

तर तो ठसा आधी नीट पाहू. १ जुलै २०२१ पासून नव्या पद्धतीच्या ठशात तीन गोष्टी असतात. पहिली, भारतीय मानक ब्युरोचं त्रिकोणी चिन्ह. दुसरी, शुद्धता, म्हणजे बावीस कॅरेट असेल तर ‘२२के ९१६’. तिसरी, अक्षरं आणि अंक मिसळून केलेला सहा स्थानांचा क्रमांक, ज्याला सगळे एचयूआयडी म्हणतात. त्या-त्या नगाचा क्रमांक वेगळा. अंगठीत तो आतल्या बाजूला, साखळीत कडीजवळच्या पट्टीवर, बांगडीत आतल्या कडेला लेसरने कोरलेला असतो. पेढीवर भिंग असतंच, ते मागून घ्यायचं. दागिना दिव्याखाली थोडा तिरपा धरला की अक्षरं उठून दिसतात. जुन्या ठशात परीक्षण केंद्राची आणि सराफाची वेगळी खूण असायची. आता ती माहिती त्या सहा अक्षरांमागे साठवलेली असते.

९१६ म्हणजे हजार भागांत नऊशे सोळा भाग शुद्ध सोनं. चोवीसात बावीस हे गणित मांडलं तर तोच आकडा येतो. अठरा कॅरेटला ७५०, वीसला ८३३. चौदा कॅरेटचा हिशेब ५८३ वर येतो, पण मानक ५८५ मागतं. जुलै २०२५ पासून नऊ कॅरेटही, म्हणजे ३७५ चा ठसा, सक्तीच्या यादीत आला आहे. नऊ कॅरेटच्या दागिन्यात निम्म्याहून जास्त भाग तांबं, चांदी, जस्त यांचा असतो. त्यात फसवणूक नाही, फक्त तो बावीसच्या भावाने विकला जाता कामा नये.

मोबाइलवर ‘बीआयएस केअर’ नावाचं सरकारी ॲप उतरवून त्यात ही सहा अक्षरं टाकली, की दागिना कोणत्या सराफाने ठशाला पाठवला, कोणत्या केंद्रात तो तपासला गेला, कोणत्या तारखेला, वस्तू काय आणि शुद्धता किती, हे समोर येतं. इथे गिऱ्हाईक बऱ्याचदा गोंधळतं. आपण घेतोय चाकणमध्ये आणि नाव दिसतं भलत्याच शहरातल्या कुठल्या तरी घाऊक व्यापाऱ्याचं. त्यात वावगं काही नसतं. माल बनवणारा किंवा घाऊक विकणाराही ठसा करून घेऊ शकतो. वावगं तेव्हा, जेव्हा हातात कानातलं आहे आणि ॲप म्हणतं अंगठी, किंवा हातातल्या नगावर ९१६ आहे आणि ॲपवर ७५०. तेव्हा दागिना काउंटरवर ठेवून सरळ बाहेर पडावं. ही तपासणी पैसे देण्याआधी करायची असते. घरी जाऊन केलेल्या तपासणीने भांडण तेवढं उभं राहतं.

ठशामागचं काम परीक्षण केंद्रात चालतं. सराफाने पाठवलेला माल आधी क्ष-किरणांच्या यंत्राखाली जातो. पेढीवर ज्याला ‘कॅरेट मशीन’ म्हणतात तेच हे यंत्र. ते काही सेकंदांत आकडा देतं, पण त्याची नजर वरच्या पातळ थरापुरतीच पोहोचते. कसोटीच्या काळ्या दगडावर ओढलेल्या रेघेचीही तीच मर्यादा. जाड मुलामा दोघांनाही चकवू शकतो. म्हणून खरा निवाडा आगीवर होतो. दागिन्यातून काही मिलिग्रॅमचा तुकडा काढतात आणि अतिशय नाजूक काट्यावर तोलतात. त्यात मोजून चांदी मिसळतात आणि शिशाच्या पातळ पत्र्यात तो गुंडाळून हजार अंशांपुढच्या भट्टीत एका लहान सच्छिद्र वाटीत ठेवतात. शिसं वितळतं, तांब्या-जस्तासारख्या हलक्या धातूंना घेऊन वाटीत मुरतं आणि मागे सोन्या-चांदीचा मणी उरतो. तो ठोकून, लाटून त्याची पट्टी करतात, तिची गुंडाळी करून नत्राम्लात उकळतात. चांदी विरघळून जाते. उरलेली तांबूस-काळपट गुंडाळी तापवली की सोन्याचा रंग धरते. ती पुन्हा तोलायची. आधीचं वजन आणि हे वजन, यांच्या गुणोत्तरातून तो ९१६ येतो किंवा येत नाही. जुन्या काळातली ही रीत अजून मागे पडलेली नाही, कारण हिच्याइतका भरवसा दुसऱ्या कुठल्या साध्या पद्धतीने मिळत नाही. मानकात उणं चालत नाही, म्हणजे ९१६ म्हटल्यावर ९१५ नाही. आणि त्यात सांधे जोडायला लावलेला डागही धरलेला असतो.

डागावरून ‘केडीएम’ची गोष्ट सांगायला हवी, कारण या पट्ट्यात आजही ‘नाइन वन सिक्स केडीएम’ एका दमात म्हटलं जातं. सांधे जोडताना पूर्वी तांबं-चांदी मिसळलेला डाग वापरत, त्याने सोन्याचा कस उतरायचा. मग कॅडमियम आलं. थोड्याशा कॅडमियमने सांधा नीट बसे आणि कस फारसा घसरत नसे, म्हणून सराफ अभिमानाने ‘केडीएम’ असं कोरू लागले. पण तो शुद्धतेचा सरकारी ठसा कधीच नव्हता, आणि कॅडमियमचा धूर कारागिराच्या फुप्फुसांवर आणि मूत्रपिंडांवर उठतो. हॉलमार्कच्या सोन्यात कॅडमियमला जागा नाही. कोणी आज केडीएमची बढाई मारत असेल, तर त्याला त्रिकोणी चिन्ह दाखवायला सांगावं.

हे सगळं आपल्याकडे फार उशिरा आलं. इंग्लंडमध्ये चांदीची वस्तू तपासून तिच्यावर बिबट्याच्या मस्तकाचा ठसा मारण्याचा कायदा सन १३०० मधला. आपल्याकडे सोन्याचं हॉलमार्किंग सुरू झालं २००० मध्ये, चांदीचं २००५ मध्ये, तेही ऐच्छिक. त्याआधी सरकारने सोन्याच्या कसात हात घातला होता तो भलत्याच हेतूने. चीन युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, अर्थमंत्री मोरारजी देसाईंच्या सुवर्ण नियंत्रण नियमांनी चौदा कॅरेटहून जास्त कसाचे नवे दागिने घडवायला बंदी केली. परदेशी चलन वाचवायचं होतं. गिऱ्हाइकाने चौदा कॅरेटला हात लावला नाही आणि सोनारांच्या घरच्या चुली विझल्या. १९६६ मध्ये ती अट उठली. त्यानंतरचा १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा मात्र १९९० पर्यंत टिकला. मोरारजींना कायद्याने जे साधलं नाही ते आज भाव साधतो आहे. तोळा, म्हणजे बाजाराच्या बोलीत दहा ग्रॅम, २०२५ मध्ये पहिल्यांदा लाखाच्या पुढे गेला आणि चौदा-नऊ कॅरेटकडे नाक मुरडणारी गिऱ्हाइकं आता स्वतःहून त्याचे भाव विचारतात.

सक्ती आली ती २३ जून २०२१ पासून, पहिल्या टप्प्यात २५६ जिल्ह्यांत. पुढे जून २०२२ मध्ये २८८ आणि सप्टेंबर २०२३ मध्ये ३४३ जिल्हे झाले. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरांचा क्रमांक नसलेला दागिना विकायला मनाई झाली. सराफांनी याला विरोध केला, ऑगस्ट २०२१ मध्ये एक दिवस दुकानंही बंद ठेवली. त्यांच्या काही तक्रारी खऱ्या होत्या. केंद्रांवर माल अडकून पडायचा, आणि एखादी अंगठी गिऱ्हाइकाच्या मापाची करायला कापली की क्रमांकाचं काय करायचं, हा प्रश्न होताच. लहान पेढीला हा व्याप झेपत नाही हेही खरं.

मला सांगायची आहे ती गोष्ट मात्र सुरू होते सवलतीच्या कलमांपासून. चाकणच्या बाजारपेठेतल्या एका पेढीवर एक जोडपं मंगळसूत्राच्या वाट्या घेत होतं. बाईंच्या गळ्यात काळ्या मण्यांची पोत होती, वाट्या नव्हत्या. त्या अडचणीच्या वेळी मोडल्या असणार, हे विचारायची गरज नव्हती. नवरा वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात तपासणी विभागात होता. दिवसभरात त्याच्या हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक भागावर लेसरचा क्रमांक असतो. भाग परत आला तर तो कोणत्या दिवशी, कोणत्या यंत्रावर निघाला हे त्या क्रमांकावरून सापडतं. त्याने वाट्या भिंगाखाली धरल्या, उलटसुलट केल्या.

“काका, यावर नंबर नाही?”

“दादा, दोन्ही मिळून दीड ग्रॅम आहेत. दोन ग्रॅमच्या आत लागत नाही.”

सराफ खोटं बोलत नव्हता. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या नगाला हॉलमार्कची सक्ती नाही. वर्षाला चाळीस लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या सराफालाही नाही. कुंदन, पोलकी, जडाव यांनाही नाही. बाई म्हणाल्या, “असू द्या हो, काका कशाला फसवतील?” वाट्या घेतल्या गेल्या.

दोन ग्रॅम आणि चाळीस लाख, या दोन आकड्यांचा हिशेब मांडून पाहा. सक्ती आली तेव्हा, २०२१ च्या मध्यावर, तोळ्याचा भाव सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस हजारांच्या घरात होता. चाळीस लाखांत आठशे ग्रॅमहून जास्त सोनं यायचं. आज लाखाच्या भावानेही ते चारशे ग्रॅमच भरतं. म्हणजे सराफाची सवलत सोन्याच्या वजनात निम्म्यावर आली, त्याला आपोआप लगाम बसला. गिऱ्हाइकाच्या बाजूला उलटं घडलं. दोन ग्रॅमचा नग तेव्हा नऊ-दहा हजारांत यायचा. आज त्याला वीस हजार पुरत नाहीत, आणि वीस हजार हा या पट्ट्यातल्या कित्येक कंत्राटी कामगारांचा महिन्याचा पगार आहे. भाव चढला की माणूस सोनं घ्यायचं सोडत नाही, वजन उतरवतो. तीन ग्रॅमची अंगठी दीडवर येते, कानातले रिंग एका ग्रॅमवर, नथ त्याहून खाली. भाव जसजसा वर जातो तसतसे हातावर पोट असलेल्यांचे जास्तीत जास्त दागिने त्या दोन ग्रॅमच्या रेषेखाली घसरतात. जिथे हमीची गरज सर्वांत जास्त, तिथेच ती ऐच्छिक.

सवलतीमागे कारण होतं. बारीक नगावर ठशाला जागा नसते आणि परीक्षेसाठी तुकडा काढायचा तर दागिनाच संपतो. पण लेसर आता एका ग्रॅमच्या कानातल्यावरही क्रमांक कोरतो. असे नग बाजारात मिळतात आणि काही पेढ्या आपणहून ठेवतात. ठशाचा दर नगामागे पंचेचाळीस रुपये आणि वर कर. पंधरा हजारांच्या वाट्यांवर पंचेचाळीस रुपये कोणाला जड नाहीत. दोन ग्रॅमची ही अट आता खाली आणायला हवी. एक ग्रॅमवर आणली तरी चाकणच्या काउंटरवरच्या बऱ्याच नगांना क्रमांक मिळेल. तोवर गिऱ्हाइकाने ‘यावर नंबर असलेला नग दाखवा’ असं म्हणायला काही पैसे पडत नाहीत.

ठसा काय सांगत नाही हेही या पट्ट्यात कोणी समजावून देत नाही. तो वजन सांगत नाही. मंगळसूत्रातले काळे मणी, मोहनमाळेच्या मण्यांत भरलेली लाख, अंगठीतला खडा, हे सगळं काट्यावर चढतं. सोन्याचं निव्वळ वजन बिलावर वेगळं लिहून घ्यावं लागतं. घडणावळ तो सांगत नाही. ती शेकडा आठ-दहापासून वीस-पंचवीसपर्यंत काहीही असू शकते आणि मोडताना तिचा एक पैसाही परत येत नाही. तारण ठेवायला गेल्यावर कर्ज मिळतं ते सोन्याच्या किमतीवर, कारागिरीवर नाही. चाकणमध्ये पगार लांबला, कंपनीने ब्रेक दिला, की पहिली वाट सोनेतारणाचीच असते, म्हणून हा फरक इथे पुस्तकी राहत नाही.

मोडलेलं सोनं कुठे जातं, तेही पाहण्यासारखं आहे. सराफ बाजाराच्या आतल्या गल्लीत एखादं अंधारं, धुरकट दुकान असतं. आत मूस, भट्टी, टाकणखार आणि सांगली जिल्ह्याची बोली. खानापूर, विटा, आटपाडी, तासगावच्या दुष्काळी टापूतली माणसं पिढ्यानपिढ्या गलाईच्या धंद्यात आहेत. केरळपासून नेपाळपर्यंत जिथे सराफ बाजार आहे तिथे विट्याकडचा गलाईवाला भेटतो. जुना दागिना मुशीत वितळतो, त्याची लगड होते, लगडीचा टंच निघतो आणि मग कळतं की आजीची पाटली बावीस होती की एकोणीस. बिनठशाचं जुनं सोनं विकायला कायद्याची आडकाठी नाही, पण ते वितळायच्या आधी तपासून घेता येतं. कोणीही परीक्षण केंद्रात जाऊन दोनशे रुपयांत चार नगांपर्यंत तपासणी करून लेखी अहवाल घेऊ शकतं. त्याहून जास्त नग असतील तर प्रत्येकी पंचेचाळीस रुपये. अहवाल हातात असला की ‘घट इतकी जाईल’ म्हणणाऱ्यापुढे बोलायला तोंड राहतं.

चांदीच्या बाबतीत ढिलाई याहून मोठी आहे. तिच्यावर अजून सक्ती नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीलाही सहा अक्षरांचा क्रमांक सुरू झाला, पण ऐच्छिक. कोल्हापूरजवळच्या हुपरीतून पैंजण आणि जोडवी राज्यभर जातात. त्यात उत्तम टंचाचा माल असतो, हलक्या टंचाचाही असतो. हलका माल हलक्या भावाने विकला तर तक्रार नाही. काउंटरवर मात्र दोन्हीला ‘चांदी’ एवढंच म्हटलं जातं. दिवाळीत कंपन्या कामगारांना लक्ष्मीचं नाणं देतात, त्यावर ९९९ छापलेलं असतं. पण नुसता छापलेला आकडा आणि त्रिकोणी चिन्हासह क्रमांक, यांत फार अंतर आहे. चांदीचा किलोचा भावही लाखाच्या पार गेला आहे, तेव्हा ‘चांदीच तर आहे’ म्हणून डोळेझाक करण्याचे दिवस गेले. जर्मन सिल्व्हरमध्ये तर चांदी अजिबात नसते. ते तांबं, निकेल आणि जस्त.

कस कमी निघाला तर काय, याचं उत्तर कायद्यात स्पष्ट आहे. समजा दहा ग्रॅमची ९१६ ठशाची साखळी तपासणीत ८५० निघाली. हजारात सहासष्ट भाग कमी, म्हणजे दहा ग्रॅममागे ०.६६ ग्रॅम शुद्ध सोनं कमी. लाखाच्या भावाने ते सहा हजार सहाशे रुपये. २०१८ च्या भारतीय मानक ब्युरो नियमांप्रमाणे सराफाने या फरकाच्या दुप्पट, म्हणजे तेरा हजार दोनशे, आणि तपासणीचा खर्च गिऱ्हाइकाला द्यायचा असतो. तक्रार त्याच ॲपवर करता येते. त्यासाठी बिल लागतं, आणि बिलावर प्रत्येक नगाचं वर्णन, निव्वळ वजन, कॅरेट आणि शुद्धता, हॉलमार्कचं शुल्क हे वेगवेगळं लिहिलेलं असावं लागतं. सहा अक्षरांचा क्रमांकही सराफाकडून बिलावरच लिहून घ्यावा. तीन टक्के जीएसटी वाचवायचा म्हणून कच्च्या चिठ्ठीवर सोनं घेणारे या पट्ट्यात कमी नाहीत. दहा हजारांच्या खरेदीवर त्यांचे तीनशे रुपये वाचतात, आणि उद्या कस कमी निघाला तर त्या चिठ्ठीवर दुप्पट भरपाईचा दावा उभा राहत नाही.